वडलांनी शिकवलेलं : सुविचार नकोत, काम सांगा

कलमवाला

नमस्कार मंडळी. जूनचा तिसरा रविवार आला की फोनवर बापाविषयीचे फॉरवर्ड सुरू होतात, दोन ओळी, खाली उगवता सूर्य, आणि ते वाचून मला दर वेळी वाटतं की यात कोणाचाच बाप दिसत नाही. आपल्या कोकणातले बाप फारसे बोलणारे नव्हतेच. माझे अण्णा तर दिवसभरात मोजकंच बोलायचे, पण त्यांच्याबरोबर बागेत राहून जे हाताला लागलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. म्हणून हा धागा. विनंती एकच, 'बाबांनी प्रामाणिकपणा शिकवला' असं लिहून थांबू नका, कुठलं काम करताना, कसा, ते लिहा. बाप नसेल तर चुलता, आजा, मामा, कोणीही चालेल. ती माणसं एकेक करून चाललीयत आणि त्यांचं काम कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मी सुरुवात करतो. आमची देवगडजवळ हापूसची कलमं. अण्णांनी पहिलं शिकवलं ते फळ ओळखायला, तोडायला नाही. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलं फळच काढायचं. कसं ओळखायचं, तर देठाजवळचे खांदे भरून वर आलेले दिसतात, देठ जरासा खोलात जातो, गडद हिरवा रंग फिका पडायला लागतो. शंका आली तर एक फळ काढून बादलीतल्या पाण्यात टाकायचं, तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. मग झेला, म्हणजे काठीला लावलेली जाळी. झेल्याला पातं असतं त्यामुळे फळ देठासकट तुटतं, देठ बोटाच्या पेराएवढा राहिला पाहिजे, नाहीतर चीक उडतो आणि सालीवर काळे डाग पडतात, आणि डाग पडलेलं फळ आतून कितीही चांगलं असलं तरी बाजारात खाली जातं. सकाळी ऊन चढायच्या आत काढायचं किंवा संध्याकाळी. काढलेलं फळ तापलेल्या कातळावर ठेवायचं नाही, सावलीत, खाली पेंढा पसरून.

पण खरं शिक्षण पेटी भरताना. आमच्याकडे सगळी पेटी अण्णा स्वतः उघडून बघायचे, मुंबईला वाशीला जाणारी असो की ओळखीच्या घरी जाणारी. वरच्या थरात मोठी फळं आणि तळाला बारीक, असं आजूबाजूला सर्रास चालायचं. अण्णांचं वाक्य ठरलेलं, "वर जो आंबो दिसता तोच तळाक होयो." एवढंच. का ते कधी सांगितलं नाही. पण आमची काही गिऱ्हाईकं आज तिसऱ्या पिढीतली आहेत, आजोबा घ्यायचे, आता नातू फोन करतो, आणि भाव न विचारता करतो. २०१८ ला हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या पाच जिल्ह्यांच्या नावाने, तरीसुद्धा बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातोच, तेव्हा मला वाटतं की कागदाच्या आधी पेटी भरणारा हात सरळ लागतो.

दुसरी गोष्ट, हापूस एक वर्षाआड धरतो हे सगळ्यांना माहीत आहे. आता कल्टार, म्हणजे झाडाची वाढ आवरून मोहोर आणणारं औषध, घालून दर वर्षी घेता येतो, जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती देतात. मी त्याच्या विरोधात नाही, प्रमाणात आणि खताबरोबर दिलं तर झाड टिकतं. पण कराराने बाग घेणारे काही जण प्रमाण बघत नाहीत, त्यांना तेवढ्याच वर्षांचं पडलेलं असतं. अण्णांनी घरात पैशाची फार ओढाताण होती तेव्हा काही कलमं कराराने दिली, पण अट घातली की औषध किती घालायचं ते आम्ही सांगू आणि शेणखत आम्ही घालू. करारवाला म्हणाला, खर्च तुमचा कशाला? तर म्हणाले, "झाड करारान दिला तरी ता आपलाच आसा." ती कलमं अजून धरतायत.

आता तुम्ही लिहा.

रापण_ओढणारा

कलमवाला दादा, बरा धागा काढलास. मी मालवणकडचा, आम्ही गाबीत, बाबा रापणीत होते.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, रापण म्हणजे होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंनी माणसं ओढत ओढत जाळं किनाऱ्याला आणतात. एकट्याचं काम नाही, दहा-वीस माणसांचं पण नाही, गावच लागतो. आणि मासळी आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग माणसांचे.

बाबा वाटे घालायला बसायचे तेव्हा मला शेजारी बसवायचे. आमच्या वाड्यात एक म्हातारी होती, तिचा घोव समुद्रात गेलेला, ती यायची, दोराला नुसता हात लावून उभी राहायची, ओढायची ताकद कुठली. तिचा वाटा पडायचाच. मी एकदा लहानपणी विचारलं की हिने कुठे ओढलं, तर बाबा म्हणाले, "दोराक हात लागलो मां? मगे वाटो आसा." मोठा झाल्यावर कळलं की तिला घरी नेऊन दिलं असतं तर ती भीक झाली असती, दोराला हात लावून घेतलं की हक्क. ही रीत बाबांनी काढलेली नाही, त्यांच्या आधीपासूनची, पण त्यांनी ती मोडू दिली नाही. मासळी कमी झाल्यावर लोक वाट्यावरून भांडायला लागले तेव्हा पण नाही. पर्ससीनचं, म्हणजे बोटीतून थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांचं, प्रकरण वाढलं, बांगडे-तारल्यांचे थवे किनाऱ्याला यायच्या आधीच उचलले जायला लागले, २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तोवर आमच्याकडच्या कितीतरी रापणी बंद पडलेल्या. त्या वाईट वर्षांत टोपलीभर मासळीचे पण वाटे घालताना मी बाबांना बघितलंय. एकेकाला मूठभर पेडवे यायचे. पण वाटे घातले.

अजून एक म्हणजे भरतीचं गणित. आता मोबाईलवर सगळं दिसतं, पण बाबांकडे फक्त कालनिर्णय. तिथी घ्यायची, तीनाने गुणायची, चाराने भागायची, येईल तो भरतीचा तास.

मिरगाचा_पाऊस

@रापण_ओढणारा दादा हे जरा फोड करून सांगा ना. मी उरणची, आमच्या घरी डोलीची जाळी होती (वाहत्या पाण्यात बांधून ठेवायची ती), आजोबा असंच काहीतरी बोटांवर मोजायचे पण मी तेव्हा विचारलंच नाही आणि आता विचारायला कोणी नाही.

रापण_ओढणारा

ताई सोपं आहे. समजा अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे पूर्ण भरती साधारण सहाला, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, दोन्हीला चालतं, कारण पाणी चंद्राबरोबर रोज पाऊण तास आणि वर थोडी मिनिटं पुढे सरकतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हे गणित मुंबई-रायगडला जास्त जुळतं, तुमच्या उरणला चालेल. आमच्याकडे खाली भरती आधी येते, म्हणून बाबा आलेल्या उत्तरातून साधारण तासभर वजा धरायचे. अंदाजाचं गणित आहे, मिनिटाला पकडू नका, आणि पाण्यात उतरायचं असेल तर तक्ता बघूनच उतरा.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं खूप उतरतं आणि ओढ जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. डोलीला ओढ लागते म्हणून तुमचे आजोबा उधाणाचे दिवस मोजत असणार.

मिरगाचा_पाऊस

होय होय! "उधाणाला चार दिवस" असं म्हणायचे ते! धन्यवाद दादा, आज रात्री पोराला शिकवते.

वेंगुर्लेकरीण

मी जे लिहिणार ते झाडाचं किंवा मासळीचं नाही, कागदाचं आहे. पण माझ्या मते कोकणातल्या प्रत्येक बापाने हे शिकवायला हवं आणि मुलीला तर आधी.

आमचे नाना प्राथमिक शिक्षक. आम्ही तीन बहिणी, दोन भाऊ. मी शाळेत असतानाच नानांनी मला सातबारा वाचायला शिकवला. पडवीत बसून, बोट ठेवून. वर गाव नमुना सात, यात जमीन कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन किती, उजवीकडे इतर हक्क, कुळाचं नाव, बोजा, विहिरीचा हिस्सा, वाट, ते सगळं तिथे बघायचं आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. खाली नमुना बारा, त्यात पीक. आठ-अ म्हणजे एका माणसाच्या खात्यावर गावात एकूण किती जमीन. आणि कुठलंही नाव आलं किंवा गेलं की त्याचा फेरफार नंबर असतो, तो नमुना सहामध्ये सापडतो. "नाव कशान गेला ता फेरफारात गावता," असं म्हणायचे. कोणी सांगितलं की ही जमीन आजोबांनी विकली, तर फेरफार नंबर माग. आमच्याकडे एकेका सर्व्हे नंबरात तीस-चाळीस नावं, अर्धी मुंबईला, काही नावांची माणसं मरून पन्नास वर्षं झालेली, हे तुम्हा सगळ्यांच्या घरचं आहे, मी वेगळं काय सांगू.

मग दर मे महिन्यात नाना आम्हाला हद्दीवरून फिरवायचे. मे मध्येच, कारण मिरग लागल्यावर गवत वाढतं आणि गडगा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, दिसत नाही. इथे आपला गडगा संपतो, ह्या चिंचेपासून चुलत्यांचं, हा वहाळ सामाईक, ही पायवाट खालच्या वाडीची आहे ती आपण अडवायची नाही. हे शेवटचं ते दर वर्षी सांगायचे. फिरताना भावांबरोबर आम्हा बहिणींना पण नेत. शेजारचे म्हणायचे, मास्तर, मुलींका कित्याक, तीं जातली सासरी. नाना उत्तर द्यायचे नाहीत आणि आम्हाला घरी पाठवायचे पण नाहीत.

नाना गेले त्यानंतर काही वर्षांनी भावांनी हक्कसोडपत्र आणलं. भाऊ वाईट नाहीत, हे आधी सांगते. सगळीकडे तशीच पद्धत, बहिणी सही करतात, गणपतीला साडी मिळते, माहेर राहतं. पण नानांनी सांगून ठेवलेलं, सही करायची की नाही ते तुझं तू ठरव, वाचल्याबिगर मात्र करू नको. मी वाचलं. त्यात घराची जागा पण घातलेली, जी भावांनी पण नीट बघितली नव्हती, लिहिणाऱ्याने सगळेच नंबर टाकलेले. मग आम्ही पाचही जणं बसलो. शेती भावांकडे राहिली, ती करतात तेच, पण सातबारावर आमची नावं राहिली आणि घराला सगळ्यांचा हक्क राहिला. भांडण झालं नाही. थोडे दिवस बोलणं कमी झालं, मग गणपती आले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : हिंदू वारसा कायद्यात २००५ ला दुरुस्ती झाली, ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच जन्मतः हक्क. वडील त्या तारखेला हयात हवेत का यावर बरीच वर्षं गोंधळ होता, तो सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला, हयात असण्याची गरज नाही. आधीच कायदेशीर वाटप होऊन गेलं असेल तर ते उघडत नाही, ते वेगळं. वकिलाला विचारा, पण विचारायला जाताना सातबारा आणि फेरफार घेऊन जा, म्हणजे तो काय बोलतोय ते तुम्हाला कळेल.

कलमवाला

ताई, हे मी माझ्या बहिणीला पाठवलं. आमच्याकडे हद्दीवरून फिरणं अण्णांनंतर बंद पडलंय. ह्या मे मध्ये सुरू करतो, तिलाही बोलावतो.

साचेवाल्याचा_पोरगा

माझं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मुंबईला कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, होते. लालबागला गावकीची खोली, एका खोलीत गावची किती माणसं राहायची ते पाळीवर अवलंबून, एक पाळी कामाला गेली की दुसरी त्याच वळकटीवर झोपायची. दादांची मनीऑर्डर महिन्याच्या महिन्याला यायची, गणपती आणि शिमग्याला ते स्वतः यायचे. आमच्यासाठी दादा म्हणजे वर्षातून दोनदा येणारा पाहुणाच म्हणा, पिशवीत खाऊ, अंगाला साबणाचा वास. घर, गुरं, शेती, आजी-आजोबांचं दुखणं, सगळं आई.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आज मिटेल उद्या मिटेल असं करत लोकांनी दीड-दोन वर्षं काढली, संप मागे घेतला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही, तो तसाच विरत गेला. दादांनी मुंबईत मिळेल ते काम केलं, हमाली केली, मग ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन.

आता हे बघा, गावात त्या वेळी असे खूप जण परत आले. त्यातले कितीतरी खचले. मुंबईला मान होता, पगार होता, इथे येऊन करायचं काय, शेती तर बायको करते. काही दारूला लागले, काही ओटीवर बसून राहिले. दादांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्या पुरुषाला करताना बघितलं नाही. त्यांनी आईला सांगितलं, तू सांग, मी करतो.

आणि खरंच तसंच केलं. चैतात आईने त्यांना राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला नेलं, कवळं (डहाळ्यांच्या जुड्या) कशी पसरायची, वर शेण, वर पातेरा, वर माती, आणि वारा बघून वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं म्हणजे आग सावकाश जाते आणि जमीन नीट भाजते. मिरगाला पेरणी. मग तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढताना मुळं कशी झटकायची, मूठ कशी बांधायची. लावणीत दादा गड्यांच्या रांगेत नाही, बायकांच्या रांगेत उभे राहिले, कारण लावायचं काम आमच्याकडे बायकांचं, पुरुष नांगर आणि चिखल. वाडीतले लोक हसले. आई पण लाजली, म्हणाली तुम्ही तिकडे जा. दादा म्हणाले, मला हेच येत नाही म्हणून हेच शिकायचं. एका चुडात दोन-तीन रोपं, जास्त नाही, खोल खुपसायची नाहीत, वरच्या वर लावली की फुटवे चांगले येतात. दादा आधी चार-पाच रोपं धरायचे आणि खोल घालायचे, आई मागून येऊन परत काढायची, सगळ्यांच्या समोर. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. साचाखात्यात मला मुकादम शिकवायचा तेव्हा मी ऐकलंच ना, मग इथे हीच मुकादम, असं म्हणायचे आणि ते गमतीने नाही, खरोखर तसंच वागायचे. गडी विचारायला आला की 'तिला विचार'. बाजारातून बियाणं आणायचं तर 'कुठलं आणू' हे आईला विचारून जायचे.

मला तोंडाने कधी काही सांगितलं नाही. पण मी तेव्हा बांधावर बसून बघत होतो. पुढे माझं लग्न झालं, बायको माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, पगार जास्त, आणि मला त्याचा त्रास कधी झाला नाही, लोक विचारतात तुला काही वाटत नाही का, मला खरंच प्रश्न कळत नाही. तो बांधावर बसून जे बघितलं त्याचा परिणाम.

अजून एक. दादांच्या ट्रंकेत एक वही होती. संपाच्या काळात ज्याने ज्याने काही दिलं त्याची नोंद. कोणी दहा रुपये, कोणी खानावळीचं एक महिन्याचं, वाण्याचे तांदूळ. ती देणी फेडायला त्यांना बरीच वर्षं लागली, भात विकून, नंतर काजू विकून. काही माणसं तोवर वारली होती तर त्यांच्या घरी जाऊन मुलांना दिले. मुलांना माहीतच नसायचं. दादा वहीत दाखवायचे, हे बघ तुझ्या वडलांचं नाव. प्रत्येक ओळीवर फेडल्यावर आडवी रेघ. ती वही माझ्याकडे आहे.

वेंगुर्लेकरीण

दादा, काय लिहिलंत. 'तू सांग, मी करतो' हे वाचून मी थांबलेच. त्या काळातल्या आमच्या गावच्या कितीतरी बायका आठवल्या, सगळं सांभाळलं त्यांनी आणि नवरा परत आला की दुसऱ्या दिवसापासून हिशोब त्याच्या हातात. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

साचेवाल्याचा_पोरगा

सांगतो ताई. आई आहे, अजून वाफ्यात भाजी करते. दादा मागच्या पावसाळ्यात गेले.

दिवेआगरचा

मंडळी, मी थोडं वेगळं लिहितोय, धाग्याचा रसभंग होणार असेल तर माफ करा. सगळ्यांना असा बाप मिळत नाही. माझ्या वडलांकडून मला मार मिळाला आणि कर्ज मिळालं. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहायला आलेलो नाही, ते आता नाहीत, पण 'बाप म्हणजे देव' वगैरे वाचलं की आमच्यासारख्यांना गप्प बसावं लागतं. वरच्या कलमवाल्यांनी चुलता चालेल असं लिहिलं म्हणून लिहितो. मला वाडीतलं सगळं धाकट्या काकांनी शिकवलं. त्यांना स्वतःचं मूल नाही.

आमची नारळ-सुपारीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. दुपारपर्यंत वाडीत उभं राहिलेलं झाड शोधावं लागत होतं. आजोबांच्या हातची सुपारी सगळी आडवी. मी नुसता उभा होतो. काका म्हणाले, चल, आधी विहीर.

विहिरीत माड पडलेला, वर झावळ्या, कौलांचे तुकडे. वीज कधी येणार ठाऊक नव्हतं (पुढे कितीतरी आठवडे आली नाही), त्यामुळे रहाट आणि दोर दुरुस्त करून पाणी सुरू केलं, आमच्याच घरचं नाही, शेजारच्या तीन घरांचं. मग रस्त्यावरची झाडं. मग फोटो. मोबाईलची बॅटरी संपत आलेली, काकांनी सांगितलं की बाकी कोणाला फोन करू नको, आधी प्रत्येक ओळीचे फोटो काढ, बुंधे मोज, लिहून ठेव, कारण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत आपण वाट मोकळी करण्यासाठी झाडं तोडलेली असणार आणि तो विचारणार किती होती. आमच्याकडे तो कागद होता. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना पण काकांनी बसून लिहून दिलं.

आणि मग लावणी. हे लिहिणं महत्त्वाचं वाटतं कारण नवीन लोक चुकतात. सुपारीचं रोप उघड्यावर लावून चालत नाही, पश्चिमेचं ऊन लागलं की खोड करपतं. म्हणून आधी केळ लावायची, तिची सावली झाली की सुपारी. पूर्वी जुन्या झाडांचीच सावली असायची, वादळाने तीच नेली. नारळाला मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, दोन झाडांत पंचवीस फूट, कमी ठेवलं तर माड उजेडासाठी वाकडे वाढतात आणि पुढच्या वादळात तेच आधी जातात. बाणवली, म्हणजे उंच जातीचा माड, लावला तर फळ यायला सहा-सात वर्षं. लोक म्हणाले ठेंगू जातीचे लावा, लवकर येतात. काकांनी थोडे ते लावले, घरखर्चाला, आणि बाकी बाणवली. मी विचारलं एवढी वर्षं कोण थांबणार? ते म्हणाले, "तू."

एवढंच बोलले. मला कोणी कधी काही दिलेलं नव्हतं हो.

रापण_ओढणारा

भावा, रसभंग कसला. उलट बरं केलंस लिहिलंस. आमच्या वाड्यात पण असे बाप होते, आणि त्यांच्या पोरांना शेजारच्यांनीच होडीत घेतलं.

कलमवाला

दिवेआगरचे दादा, धाग्याचं नाव मी बदलू का, 'वडलांनी' च्या जागी 'थोरांनी'?

दिवेआगरचा

नको दादा, राहू दे. काकांना मी हल्ली बाबाच म्हणतो.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. बाबांचं बाजारपेठेत कटलरीचं दुकान. २००५ च्या जुलैत पाणी आलं तेव्हापासून बाबांनी एक शिस्त घातली, जून लागला की उधारीच्या वह्या, परवाने, विम्याचे कागद, घरची प्रमाणपत्रं सगळं प्लास्टिकमध्ये बांधून वरच्या मजल्यावर, गणपतीनंतर खाली. आम्ही कुरकुरायचो. २२ जुलै २०२१ ला २००५ पेक्षा जास्त पाणी आलं, दुकान पूर्ण गेलं, कागद राहिले. विमा त्याच कागदांवर मिळाला.

पण मला सांगायचंय ते पुढचं. पाणी उतरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल, आणि बाबा आमचं शटर न उघडता समोरच्या औषधाच्या दुकानात गेले, खोरं घेऊन. म्हणाले, लोकांना आज बांगड्या नकोत, गोळ्या लागणार आहेत. ते दुकान आधी साफ झालं, मग दूधवाल्याचं, मग आमचं. आजूबाजूच्या गावांतून, लांबून कोल्हापूर-सांगलीकडून पण पोरं साफसफाईला आलेली, त्यांना पण बाबा आधी तिकडेच पाठवत होते. बाबांचं वय झालंय, आता दुकान मी बघतो. वह्या मात्र ३१ मे ला वर जातात.

मिरगाचा_पाऊस

@वेंगुर्लेकरीण ताई, एक विचारायचं होतं. माझे वडील गेले त्याला चार वर्षं झाली, सातबारावर अजून त्यांचंच नाव आहे. भाऊ म्हणतो काही घाई नाही. वरचं सगळं वाचून मला ते टोचायला लागलंय. वारस नोंदीला काय लागतं? सोमवारी तलाठी ऑफिसला जाईन म्हणते.

वेंगुर्लेकरीण

जा, नक्की जा, आणि भावाला बरोबर घेऊन जा, म्हणजे त्याला गैरसमज नको. नेताना : वडलांचा मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांची नावं आणि नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचं आधार, रेशनकार्डाची प्रत. अर्ज दिल्यावर तलाठी फेरफार धरतो आणि नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, मग नाव सातबारावर येतं. अर्जाची पोच घे, तारीख-शिक्क्यासकट, तोंडी 'होईल' वर परत येऊ नकोस. मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून सगळी नावं बरोबर लिहिलीयत का ते तिथेच वाच, आडनावात एक काना चुकला तरी पुढे फेऱ्या माराव्या लागतात.

मिरगाचा_पाऊस

लिहून घेतलं. आम्ही तिघं, मी, भाऊ, धाकटी बहीण. तिघांची नावं द्यायची ना?

वेंगुर्लेकरीण

चौघांची. आई आहे ना तुझी? तिचं पहिलं लिही.